कानाच्या मशीनला नाशिक कसे ऐकू येते

श्रवणचाचणीची खोली मुद्दाम शांत ठेवलेली असते. जाड दार, भिंतींना आवाज शोषणारे अस्तर, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचे, आणि त्यातून ऑडिओग्राम नावाचा आलेख तयार होतो. त्या आलेखाबरहुकूम संगणकावर श्रवणयंत्र जुळवले जाते. ऑडिओलॉजिस्ट समोर बसून विचारतात, "काका, आता माझं बोलणं नीट ऐकू येतंय ना?" येत असते. काकांचा चेहरा खुलतो, सोबत आलेल्या मुलीचाही. मग दोघे जिना उतरून रविवार कारंजाच्या रस्त्याला लागतात, आणि हॉर्न, भाजीवाल्याची हाळी, रिक्षाची घरघर, कुठल्याशा दुकानातला स्पीकर असे सगळे एकदम कानात घुसते. मुलगी शेजारी चालता चालता काय म्हणाली, तेवढेच नेमके कळत नाही.

"आवाज येतो हो, पण शब्द कळत नाहीत." श्रवणयंत्र वापरणाऱ्यांची ही तक्रार कोणत्याही गावात ऐकायला मिळते. कित्येक घरांत चार-सहा महिन्यांनी मशीन कपाटातल्या डबीत जाऊन बसते ते याच तक्रारीमुळे. यंत्र बिघडलेले नसते. शांत खोलीत जे ठीक होते ते गर्दीत अपुरे पडते, एवढाच त्याचा अर्थ.

यावर उपाय म्हणून आजच्या डिजिटल श्रवणयंत्रांत एक क्षमता बसवलेली असते आणि पुढच्या पानांचा विषय तीच आहे. आपण कोणत्या आवाजात आहोत हे यंत्र स्वतः ओळखते आणि त्याप्रमाणे स्वतःचे काम बदलते. शास्त्रीय भाषेत याला ध्वनिपरिसराचे स्वयंचलित वर्गीकरण म्हणतात. नाव बोजड असले तरी प्रश्न रोजचा आहे. कानावर आदळणाऱ्या या सगळ्यात बोलणे कोणते, गोंगाट कोणता आणि संगीत कोणते?

निरोगी कान आणि मेंदू मिळून हे काम इतक्या सहज करतात की ते काम आहे हेच जाणवत नाही. कोलिन चेरी या ब्रिटिश संशोधकाने १९५३ साली त्याची प्रयोगशाळेत तपासणी केली. दोन माणसे एकाच वेळी बोलत असताना ऐकणारा एकाचेच बोलणे कसे पकडतो, हा त्याचा प्रश्न होता. पुढे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रेगमन यांनी १९९० साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. एकाच वेळी सुरू होणारे, एकाच पट्टीच्या पटीत असणारे, एकत्र चढणारे-उतरणारे आवाज मेंदू एका उगमाचे मानतो आणि बाकीच्यांपासून वेगळे काढतो, असे त्यांनी मांडले. आतल्या कानातील केसपेशी झिजल्या की या वेगळे काढण्याचा पायाच कच्चा होतो. जवळजवळच्या पट्ट्या एकमेकींत मिसळतात, आणि मग नुसता आवाज वाढवून भागत नाही, कारण बोलण्याबरोबर गोंगाटही तेवढाच वाढतो.

अंगावर खिशात ठेवायच्या जुन्या यंत्रांना आवाजाचे एक चाक आणि एम, टी अशा अक्षरांचा एक खटका असे. एम म्हणजे मायक्रोफोन, टी म्हणजे टेलिफोनसाठीची तारेची गुंडाळी. माणसाने परिस्थिती ओळखायची आणि खटका फिरवायचा. नंतर कानामागच्या यंत्रांत घरासाठी एक, गर्दीसाठी एक, टीव्हीसाठी एक असे प्रोग्राम आले आणि ते बदलायला मसुराएवढे बटण आले. संधिवाताने बोटे वाकलेल्या पंच्याहत्तरीच्या आजींनी सीबीएस बसस्थानकाच्या गर्दीत उभे राहून कानामागचे ते बटण चाचपडत दाबावे, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती. यंत्राने स्वतः ओळखावे हा आग्रह त्यातून आला.

तो पुरा होण्यासाठी यंत्र आधी डिजिटल व्हावे लागले. १९८७ साली अमेरिकेत निकोलेट कंपनीने अंगावर बाळगायचे एक डिजिटल यंत्र बाजारात आणले, पण ते टिकले नाही. कानात किंवा कानामागे मावणारी पूर्ण डिजिटल यंत्रे १९९६ च्या सुमारास डेन्मार्कच्या वायडेक्स आणि ओटिकॉन या कंपन्यांनी आणली. आवाज आकड्यांत उतरला की त्यावर गणित चालवता येते. गणित चालवायला मिळणारी सोय मात्र तुटपुंजी असते. सुमारे १.४ व्होल्टचा, वाटाण्याहून लहान झिंक-एअर सेल, आणि तो काही दिवस पुरला पाहिजे. आत आलेला आवाज बाहेर सोडायला साधारण दहा मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर स्वतःचेच बोलणे विचित्र ऐकू येऊ लागते. एवढ्या चिमटीत यंत्राला ऐकायचे, तोलायचे आणि ठरवायचे असते.

मग ते ठरवते कशावरून?

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू आहे असे समजा. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या आहेत, एखाद-दुसऱ्या ट्रॅक्टरचे इंजिन चालूच आहे. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीवर सरकतो आहे आणि भाव पुकारला जातो आहे. पुकारणाऱ्या माणसाचे बोलणे अक्षराअक्षरांनी तुटत जाते. सेकंदाला तीन ते पाच अक्षरे या वेगाने आवाज उचलतो आणि पडतो, मधे बारीक पोकळ्या राहतात. हा चढउतार खोल असेल तर जवळ कोणी एक माणूस बोलतो आहे, असे यंत्र मानते. इंजिनाचा आवाज मात्र एकसारखा चालू राहतो, त्यात चढउतार उथळ असतो, म्हणून तो गोंगाट. आता दहा व्यापारी एकदम बोलू लागले की एकाच्या बोलण्यातली पोकळी दुसऱ्याच्या अक्षराने भरते. कुंपणामागे दुसरे कुंपण उभे केले की फटी बुजतात, तसे. दहाही जण माणसेच असतात आणि मराठीच बोलत असतात, तरी यंत्राच्या मोजणीत ते बोलणे राहत नाही. त्याचा कल्ला होतो.

चढउतार ही पहिली खूण. याशिवाय आवाजातील ऊर्जा खालच्या पट्टीत एकवटली आहे की वरच्या, त्यात सुरेल पटी आहेत की नाहीत, आवाज एकदम उसळतो की हळू वाढतो, ठेका जाणवतो का, अशा खुणा मोजल्या जातात. वाऱ्याची खूण तर फारच सुंदर आहे. कानामागच्या यंत्राला दोन मायक्रोफोन असतात, एकमेकांपासून जेमतेम सेंटिमीटरभर अंतरावर. दूरवरून आलेला कोणताही आवाज दोघांपर्यंत जवळपास सारखाच पोचतो. वारा मात्र प्रत्येक छिद्रावर स्वतंत्रपणे खळबळतो, दोन्ही नोंदींचा मेळच बसत नाही. मेळ नाही म्हणजे वारा. पांडवलेण्याच्या पायऱ्या चढणाऱ्याला किंवा गंगापूर रोडवर स्कूटरवर मागे बसणाऱ्याला याचा उपयोग लगेच कळतो.

एकदा परिसर ठरला की यंत्र हालचाल करते. गोंगाटात बोलणे असेल तर दोन मायक्रोफोनांच्या जोडीने समोरचा आवाज उचलून धरते आणि मागचा-बाजूचा दाबते. नुसता गोंगाट असेल तर आवाज उतरवते. संगीत असेल तर काटछाट थांबवून पट्टीचा पूर्ण विस्तार येऊ देते. हे सगळे धक्का न देता व्हावे म्हणून निर्णय मुद्दाम सावकाश, काही सेकंदांच्या अंदाजाने बदलला जातो. कोणी एकदा खोकले म्हणून सगळी मांडणी बदलायची नसते. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण विक्रीच्या बोलण्यात ती बहुधा मागे पडते. दिशा धरणाऱ्या मायक्रोफोनांमुळे गर्दीत शब्द जास्त कळतात हे अनेकदा दिसून आले आहे. एकट्या मायक्रोफोनवर चालणाऱ्या गोंगाट-कपातीने कान आणि डोके कमी थकतात, पण शब्द वाढतीलच असे नाही.

या विषयातील एक महत्त्वाचा शोधनिबंध २००५ साली झुरिकमधून आला. मायकेल ब्यूखलर, सिल्व्हिया अलेग्रो, स्टीफन लाउनर आणि नोर्बर्ट डिलिअर यांनी स्वच्छ बोलणे, गोंगाटातले बोलणे, गोंगाट आणि संगीत असे चार वर्ग धरले. साध्या नियमांपासून मज्जाजालापर्यंत (न्यूरल नेटवर्क) निरनिराळ्या गणिती पद्धती त्यावर लावून पाहिल्या. ओळख एकंदरीत उत्तम होती. अपवाद होता एका वर्गाचा, गोंगाटातल्या बोलण्याचा. म्हणजे ज्यासाठी माणूस यंत्र घेतो, नेमका तोच. कोणते आवाज यंत्राला चकवतात हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. दाबून सपाट केलेले पॉप संगीत, भरपूर घुमणारे बोलणे, आणि सुरेल किंवा हेलकावे घेणारे गोंगाट.

झुरिकमध्ये हे अपवाद असतील. नाशिकमध्ये हा सारा नित्याचा कारभार आहे.

वाकडी बारवेपासून निघणाऱ्या विसर्जन मिरवणुकीतला डीजे म्हणजे दाबून सपाट केलेले संगीतच. मोठा आणि बारीक आवाज यांतले अंतर इतके पुसलेले असते की चढउतार मोजणाऱ्या यंत्राला तो गोंगाट वाटला तर नवल नाही. काळाराम मंदिराच्या सभामंडपात ध्वनिक्षेपकावरून येणारे निरूपण दगडी भिंतींवर आपटून घुमते. प्रतिध्वनी अक्षरांमधल्या पोकळ्या भरून टाकतो आणि एकट्या निरूपणकाराचे बोलणे यंत्राला कल्ल्यासारखे भासू शकते. मंदिरातली घंटा आणखी वेगळी अडचण करते. तिचा सूर लांबत जातो, आणि लांबणारा एकच सूर म्हणजे यंत्राचा आवाज परत मायक्रोफोनमध्ये शिरून होणारी आपलीच शिट्टी, असा श्रवणयंत्रातील शिट्टी-रोधकाचा गैरसमज होऊ शकतो. मग तो ती खोडायला जातो आणि घंटेच्या मागे एक परका कंप उमटतो.

मालेगावचा यंत्रमाग हा हेलकावणाऱ्या गोंगाटाचा नमुना. साधा शटलवाला माग मिनिटाला शंभर-दीडशे वेळा धोटा फेकतो, म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेदोन ते अडीच ठोके. माणसाच्या अक्षरांच्या वेगापासून हे फार दूर नाही. एकच माग ऐकणाऱ्या यंत्राला त्या ठोक्यांत बोलण्यासारखा चढउतार दिसू शकतो. डझनावारी माग एकत्र चालले की तोच आवाज सपाट कल्ला होतो. आणि श्रवणयंत्राची गरज ज्यांना लागते त्यांत आयुष्य मागावर घालवलेले लोक असतात. सततच्या मोठ्या आवाजाने होणारी हानी ऑडिओग्रामवर आधी ४००० हर्ट्झच्या आसपास खाचेसारखी दिसते. देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षण केंद्राच्या परिसरात नोकरी झालेल्या निवृत्त जवानाच्या आलेखावरही हीच खाच दाखवता येईल. त्या पट्टीत स, श, च यांसारख्या वर्णांचा मोठा भाग येतो, म्हणून बोलणे ऐकू येते आणि शब्द निसटतात.

नाशिक ढोलची गोष्ट तर जोरातली. ढोलाचा ठोका खोल, पाठोपाठ रिकामी जागा, पुन्हा ठोका. ठेका ओळखणारे यंत्र त्याला संगीत म्हणेल, आणि ते बरोबरही आहे. पण पथकाजवळ उभे राहिले तर वर्गीकरणाच्या आधीच एक दार अडते. आवाज आकड्यांत उतरवणाऱ्या १६ बिटांच्या रूपांतरकाला सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर पेलते. ठोक्याचे शिखर त्या छतावर आदळले की आवाज तिथेच फाटतो, आणि फाटलेला आवाज पुढचे कोणतेही गणित शिवू शकत नाही. नव्या यंत्रांत हे छत वर नेण्याच्या युक्त्या असतात. यंत्र घेताना याबद्दल आवर्जून विचारावे.

आणि तानपुरा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याचा उत्तरकाळ ज्या गावात रामनामाच्या आश्रमात घालवला, तिथे तानपुऱ्याचा विचार टाळणे बरे नव्हे. चार तारा एकामागून एक छेडल्या जातात, नाद अखंड राहतो, चढउतार जवळपास नाही. चढउताराच्या कसोटीवर हा गोंगाट, सुरेलपणाच्या कसोटीवर अस्सल संगीत. दोन्ही खुणा एकत्र तोलणारे यंत्र बहुधा योग्य कौल देते. एकाच खुणेवर विसंबणारे स्वस्त यंत्र षड्जच हळूहळू खाली उतरवू शकते. ऐकणाऱ्याला वाटते, कान आणखी गेले.

चुका कशामुळे होतात याचे एक कारण यंत्राच्या शिक्षणात आहे. उदाहरणे ऐकवून यंत्राला वर्ग शिकवावे लागतात. ध्वनिपरिसर ओळखण्याच्या संशोधनात २०१८ पासून सर्रास वापरला जाणारा एक खुला संग्रह बार्सिलोना, हेलसिंकी, लंडन, पॅरिस, स्टॉकहोम आणि व्हिएन्ना या शहरांत ध्वनिमुद्रित झाला. त्यात ट्राम आहे, मेट्रो स्थानक आहे, विमानतळ आहे. हॉर्न वाजवत वाट काढणारी शेअर रिक्षा त्यात कुठून असणार? पुढच्या पिढीच्या यंत्रांनी दुसरा मार्ग धरला आहे. ओटिकॉनने २०२१ साली आणलेल्या यंत्रातील मज्जाजाल १ कोटी २० लाख ध्वनिप्रसंगांवर शिकवल्याचे कंपनी सांगते. तिथे चार कप्प्यांत नाव घालण्यापेक्षा आवाज सुटे करण्यावर भर आहे. शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवल्या जाणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्येही २०१३ पासून शांतता, बोलणे, गोंगाटातले बोलणे, गोंगाट, वारा आणि संगीत असे सहा प्रसंग ओळखणारी प्रणाली आली. आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रा. पी. सी. पांडे यांच्या प्रयोगशाळेने श्रवणदोषासाठी ध्वनिप्रक्रियेवर दीर्घकाळ काम केले, मोबाइल फोनलाच श्रवणयंत्रासारखे वापरण्यापर्यंत.

एवढे सगळे सुधारले तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो गणिताचा नाही. गर्दीत बोलणे आहे हे यंत्र ओळखते, पण कोणाचे बोलणे हवे आहे हे त्याला कळत नाही. रिक्षाचालकाचेच बघा. इंजिन चालू, रस्ता गजबजलेला, म्हणजे गोंगाटातले बोलणे. यंत्र नियमाप्रमाणे समोरचा आवाज उचलते आणि मागचा दाबते. प्रवासी बसलेला असतो मागे. "दादा, द्वारकेला थांबवा" हे वाक्य यंत्राने स्वतःच्या हुशारीने पुसलेले असते. मंगल कार्यालयात समोर व्यासपीठावर मंगलाष्टके चालू असतात आणि शेजारच्या खुर्चीवरची मावसबहीण वीस वर्षांनी भेटलेली असते. मागचे बोलणे शोधून तिकडे वळणारी यंत्रेही आहेत, पण ती महागड्या श्रेणीत. कंपन्या श्रेणी पाडतात त्या बहुतेक अशाच गोष्टींवर, ओळखता येणारे प्रसंग किती आणि मायक्रोफोनची चतुराई किती. केंद्राच्या १९८१ पासूनच्या एडिप योजनेतून गरजूंना यंत्रे मिळतात ही फार मोठी सोय आहे. पण सर्वांत गोंगाटाच्या जागी काम करणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत साधे यंत्र येते, ही विसंगती मनाला लागते.

लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवे. मूल भाषा शिकते ते केवळ समोरच्याकडून नव्हे. पाठीमागे आई शेजारणीशी काय बोलते, दुसऱ्या बाकावर कोण काय पुटपुटते, हे कानावर पडून शब्द जमतात. समोरचेच ऐकवणारे यंत्र हा वाटेत सापडणारा साठा हिरावून घेऊ शकते, म्हणून लहान मुलांच्या यंत्रात स्वयंचलित दिशाबदल किती ठेवायचा याबाबत तज्ज्ञ सावध असतात. नाशिकमध्ये श्रीमती माई लेले श्रवण विकास विद्यालयासारख्या शाळा आहेत. वर्गातली घंटा, बाकांची खरखर आणि शिक्षिकेचा आवाज यांतून यंत्र काय निवडते, हे बघायला अशा वर्गाइतकी योग्य जागा नाही.

या साऱ्यात ऑडिओलॉजिस्टच्या हाती एक साधन असते आणि ते पुरेसे वापरले जात नाही. बरीच डिजिटल यंत्रे वापराची नोंद ठेवतात. रोज किती तास घातले, त्यातला किती वेळ शांततेत, किती गोंगाटात, किती संगीतात, याची टक्केवारी पुढच्या भेटीत पडद्यावर दिसते. मंदिरात रोज तासभर बसणाऱ्या आजींच्या खात्यात त्या तासाला 'गोंगाट' लिहिलेले आढळले, तर चूक कोठे होते आहे हे दोन मिनिटांत कळते. त्या तासासाठी हाताने लावायचा वेगळा प्रोग्राम देता येतो. पण त्यासाठी विचारावे लागते की आजी, संध्याकाळी तुम्ही असता कुठे? हा प्रश्न मराठीत, आणि नाशिक माहीत असलेल्या माणसाने विचारायचा आहे. राज्यातील ऑडिओलॉजीचा पदवी अभ्यासक्रम ज्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे, त्याचे मुख्यालय १९९८ पासून याच शहरात आहे. या गावचे आवाज गोळा करण्याचे काम इथून सुरू होणे अगदी स्वाभाविक ठरेल.

संधीही जवळ आली आहे. २०२७ च्या पावसाळ्यात गोदाकाठी सिंहस्थ भरेल. रामकुंडाच्या घाटांवर भोंग्यांवरून हरवलेल्यांची नावे पुकारली जातील, आखाड्यांची वाद्ये वाजतील, छत्र्यांवर पाऊस वाजेल. पावसाची ओल मायक्रोफोनच्या छिद्रांतही शिरेल. श्रवणयंत्र घालून येणाऱ्या भाविकाला भोंग्यावरचे नाव कळेल की नाही, हा तिथे सुरक्षिततेचा प्रश्न होतो. त्या गर्दीचे ध्वनिमुद्रण करायचे तर मायक्रोफोन खांबावर टांगून भागणार नाही. तो कानाच्या उंचीवर, खऱ्या श्रवणयंत्राच्या खोक्यात, चालत्या माणसाच्या कानामागे हवा. प्रत्येक तुकड्याबरोबर त्या क्षणी त्या माणसाला कोणाचे बोलणे ऐकायचे होते, हेही त्याच्याकडूनच लिहून घेतलेले हवे.